दिवेलागणीची वेळ कोणाची?

८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला आणि पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शाळांना कळवले. लहान मुले रात्री उशिरा झोपतात, त्यांची झोप पुरी होत नाही आणि त्याचा परिणाम अभ्यासावर व तब्येतीवर होतो, हे त्यामागचे कारण होते. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी आदल्या डिसेंबरमध्ये हीच काळजी बोलून दाखवली होती. माझा मुलगा त्या वर्षी पहिलीत होता. त्याची शाळा सकाळी सव्वासातला भरत असे आणि अर्धवट झोपेतल्या मुलाच्या तोंडात दुधात बुडवलेली पोळी कोंबून त्याला रिक्षात बसवताना माझा जीव रोज तुटत असे. जूनपासून शाळा नऊला भरू लागली आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात महिनाभर सकाळी आवाज चढला नाही. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्या लक्षात आले की, साडेदहाला झोपणारा मुलगा आता साडेअकराला झोपतो आहे. सकाळी मिळालेले पावणेदोन तास रात्रीने हळूहळू परत घ्यायला सुरुवात केली होती. तो तास कुठे गेला हे शोधायला लांब जावे लागले नाही. तो उशीखालच्या मोबाईलमध्ये गेला होता.

शासनाच्या निर्णयाला मी दोष देत नाही. तो हेतूने चांगला होता आणि काही घरांना त्याचा उपयोगही झाला असेल. मला म्हणायचे आहे ते वेगळे आहे. मुलांची सकाळ हा सार्वजनिक विषय आहे, हे आपण मान्य केले, कारण शाळा सार्वजनिक आहे. संध्याकाळ मात्र ज्याच्या त्याच्या घरावर सोडून दिली, आणि ती सांभाळता आली नाही तर तो त्या घरातल्या आईबापांचा कमकुवतपणा समजला जातो. माझे म्हणणे असे आहे की, संध्याकाळी सातच्या पुढचे दोन तास हे आता एकट्या घराच्या आवाक्यातले राहिलेले नाहीत. ते गल्लीने, गावाने, वॉर्डाने, शाळेने मिळून राखायचे तास आहेत आणि ते तसे राखले जात नाहीत तोवर घरातला कोणताही नियम फार दिवस टिकणार नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात या विषयावर चार वेळा नियम झाले. जेवताना फोन नको, हा पहिला. दुसरा आणि सर्वांत गंभीरपणे केलेला नियम असा होता की, संध्याकाळी सात ते नऊ घरातले सगळे फोन एका स्टीलच्या डब्यात घालून डबा फ्रिजवर ठेवायचा. सासऱ्यांनी, ज्यांना घरात सगळे आण्णा म्हणतात, सगळ्यांत आधी आपला फोन डब्यात टाकला होता, त्यामुळे हा नियम टिकेल असे मला मनापासून वाटले. तो अकरा दिवस टिकला. चौथ्या दिवशी संध्याकाळी पावणेआठला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की, उद्या पाण्याच्या स्रोतांची चित्रे चिकटवलेला तक्ता आणायचा आहे. आम्ही तो नऊनंतर वाचला, तेव्हा स्टेशनरीची दुकाने बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात रिकाम्या हाताने गेलेला आमचा मुलगा एकटाच होता आणि घरी आल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. सहाव्या दिवशी माझ्या नवऱ्याची पाळी बदलली. ते कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करतात आणि पाळीतला बदल आता फोनवरच्या ग्रुपमध्येच कळवला जातो. सात ते नऊ तो निरोप पाहिला नाही म्हणून अर्धा दिवस बुडाला. आठव्या दिवशी पुण्याच्या नणंदेचा व्हिडिओ कॉल लागला नाही म्हणून सासूबाई घाबऱ्या झाल्या. यातले एकही कारण खोटे किंवा उगाच काढलेले नव्हते. प्रत्येक वेळी डबा उघडावा लागला आणि प्रत्येक वेळी तो उघडताना मुलांनी पाहिले.

शेवटचे कारण आठवीतल्या मुलीने दिले आणि त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ती म्हणाली, “आई, सगळ्या मैत्रिणी आठला ग्रुपवर असतात. मी एकटीच नसते. मग सकाळी त्या कशावर हसतायत तेच मला कळत नाही.” तिला फोन हवा होता असे मी इतके दिवस समजत होते. तिला मैत्रिणी हव्या होत्या. त्या मैत्रिणी आमच्या अंगणात येत नाहीत, कारण त्यांच्या घरांतून कोणीच कोणाच्या अंगणात जात नाही. त्या जिथे भेटतात ती जागा फोनमध्ये आहे. अशा वेळी एकट्या आमच्या घराने फोन बंद करणे म्हणजे आमच्या मुलीलाच खेळातून बाहेर काढणे होते. ही गोष्ट इतर आयांशी बोलल्यावर कळले की, त्यांच्या मुली त्यांना हेच वाक्य माझ्या मुलीचे नाव घेऊन ऐकवत होत्या. पाच घरांतल्या पाच आया आपापल्या घरात एकट्याने हरत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होते की, बाकीच्या चौघींनी तरी मनावर घ्यायला हवे होते.

याच अडचणीवर आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावाने उपाय शोधला आहे आणि त्याची नोंद परदेशातल्या वृत्तसंस्थांनी घेतली, तरी सांगली शहरात त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो आणि ते सुरू होतात. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आदल्या दिवशी ग्रामसभेत हा निर्णय झाला. टाळेबंदीच्या काळात शाळा फोनवर भरली, शाळा उघडल्यावरही मुले फोन सोडेनात आणि ती वाचण्या-लिहिण्याला कंटाळू लागली आहेत, ही शिक्षकांची तक्रार त्यामागे होती. हा विषय प्रथम निघाला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला होता. गावातल्या बायकांना एकत्र बोलावल्यावर त्यांनी मात्र आपण मालिकांच्या फार आहारी गेलो आहोत हे उघडपणे कबूल केले आणि सगळ्या गावानेच बंद ठेवायचे असेल तर आम्ही तयार आहोत, असे सांगितले. सुरुवातीच्या दिवसांत आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना समजावत होते.

त्या बायकांच्या होकारात “सगळ्या गावानेच” ही जी अट आहे, तिच्यातच या प्रयोगाचे मर्म आहे असे मला वाटते. फोन वाईट आहे, असा साक्षात्कार वडगावला झाला आणि तो आपल्याला झालेला नाही, असे मुळीच नाही. फोनचे वाईट परिणाम आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहेत. ते सांगणारे व्हिडिओसुद्धा आपण रात्री साडेअकराला पाहतो. वडगावने फक्त बंद करण्याची वेळ सर्वांसाठी एक केली. शेजारच्या घरातून मालिकेच्या शीर्षकगीताचा आवाज येत नसेल, वर्गातल्या कोणत्याच मुलीचा ग्रुपवर निरोप येत नसेल आणि शिक्षकांच्या स्वतःच्या घरीही भोंगा ऐकू येत असल्यामुळे सातनंतर गृहपाठ पाठवला जात नसेल, तर त्या दीड तासात फोन बंद ठेवायला कोणत्याही मुलाला विशेष मनोनिग्रह लागत नाही. मुलाच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नाही, काही हुकत नाही आणि आपल्याच घरी असे का, हा प्रश्नच उरत नाही.

माझे माहेर वाळवा तालुक्यातले आहे. आम्ही लहान असताना गावाच्या वेळा साखर कारखान्याच्या भोंग्यावर बांधलेल्या असत. आईची भाकरी पहिल्या भोंग्याला थापायला सुरू होई. दिवेलागणीला देवापाशी दिवा लागे, शुभंकरोती झाली की पावकी-निमकीचा परवचा म्हणावा लागे, आणि तो चुकवावा असे वाटले तरी बाहेर खेळायला कोणी उरलेले नसे, कारण प्रत्येक ओसरीवर तेच चाललेले असे. पुढे लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा भारनियमनाची वर्षे होती. संध्याकाळी वीज गेली की गल्लीतले प्रत्येक घर आपोआप दारात येऊन बसे, आणि आज ज्यांच्याशी माझा घरोबा आहे त्या बहुतेक जणींची ओळख मला त्या अंधारात झाली. भारनियमन परत यावे असे म्हणण्याइतकी मी अविचारी नाही. त्या दिवसांत गिरण्या थांबत, पिठाशिवाय घरे अडत आणि विद्यार्थ्यांचे हाल होत. त्यातून मी एवढेच घेते की, शेजार जमायला सर्वांची वेळ एकाच वेळी मोकळी असावी लागते. माझा मोकळा वेळ आठला आणि शेजारणीचा साडेनऊला असेल, तर आम्ही दोघीही तो फोनवरच घालवणार.

गावाने एकत्र बसून घराच्या आतल्या गोष्टीत हात घालायचा का, असा प्रश्न यावर विचारला जातो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. आपल्याकडे गावकीच्या नावाखाली माणसांना वाळीत टाकल्याचा इतिहास फार जुना नाही. तरीही ज्या भागात आपण राहतो त्याने दुसऱ्या प्रकारचाही इतिहास घडवला आहे. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग होता, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिसरकार चालवले. त्यातल्या रेल्वे आणि खजिन्यांवरच्या धाडी आपल्याला माहीत असतात, पण त्याच काळात गावोगावी न्यायदान मंडळे बसली, दारूबंदी झाली, ग्रंथालये निघाली आणि कर्जबाजारी करणाऱ्या लग्नांऐवजी कमी खर्चाचे गांधी विवाह लागले. लग्नात किती खर्च करायचा ही तर घराची अगदी आतली गोष्ट होती. पण शेजाऱ्याने मोठे लग्न केले की आपल्यालाही करावे लागते, या चढाओढीतून एकटे घर सुटू शकत नव्हते. सगळ्यांनी मिळून खर्च कमी केल्यावर ते सुटले. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. नवरा गेलेल्या बाईने मंगळसूत्र घालायचे की नाही, हा तिचा निर्णय असायला हवा, पण गावाचे डोळे बदलल्याशिवाय तो तिला घेताच येत नव्हता. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान होते आणि निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान बंद होते, हाही याच विचाराचा कायद्यातला अवतार आहे. एकेकट्या बाईने नवऱ्याची बाटली लपवून काही होत नाही, हे आपण तिथे कधीच मान्य केले आहे.

म्हणून ठराव हवा, पण त्याला दंड जोडलेला नसावा, याबाबत माझे मत पक्के आहे. कोणाचा टीव्ही चालू आहे हे पाहायला कोणी खिडकीतून डोकावू लागले, तर त्या दिवसापासून हा प्रयोग संपला असे समजावे. दुसरी एक भीती मला याहून मोठी वाटते आणि ती मुलींची आहे. आपल्या घरांत शिस्तीचा कोणताही नियम निघाला की तो आधी मुलीला लागू होतो. मुलगा रात्री कट्ट्यावर बसून क्रिकेटचे सामने पाहतो आणि मुलीचा फोन मात्र कोणाचा निरोप आला हे बघण्यासाठी तपासला जातो. संध्याकाळचा बंद हा मुलींवर पाळत ठेवण्याचे निमित्त झाला, तर माझ्यासारख्या आईने त्याला सर्वांत आधी विरोध करायला हवा. वेळ सर्वांसाठी सारखी, घरातल्या कर्त्या पुरुषालाही तीच, आणि वेळ संपल्यावर ज्याचा फोन त्याच्या हातात, कोणतीही तपासणी न करता, एवढे आधी ठरले पाहिजे.

फोन ही अभ्यासाची गरज आहे, हा आक्षेप खरा आहे आणि तितकाच अपुरा आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारले होते. ८० टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरल्याचे सुमारे ५७ टक्के मुलांनी सांगितले आणि समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्के मुलांनी. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले त्यावर अभ्यासही करतात, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो, त्या घरातल्या मुलाला फोन मिळतोच मुळी संध्याकाळी सातनंतर. अशा मुलाला तुझी वेळ संपली असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय होईल. यावरचा उपाय शाळेच्या हातात आहे: जो अभ्यास फोनशिवाय होऊच शकत नाही तो संध्याकाळी घरी पाठवायचा नाही, आणि फळ्यावर लिहून देता येतो तो फळ्यावरच लिहून द्यायचा. गृहपाठाची वही हे साधन अजून निकामी झालेले नाही. ती मूल स्वतः उघडते, त्यासाठी आईचा फोन लागत नाही आणि ती उघडल्यावर मध्येच दुसरे काही खुणावत नाही.

फोनने केलेले उपकारही मी विसरलेले नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा गावभागातले आमचे आठ नातेवाईक आमच्याकडे राहायला आले होते आणि मागे राहिलेल्या दोघांची खुशाली केवळ फोनवर कळत होती. त्या दिवसांत बॅटरी राखण्यासाठी फोन बंद ठेवून ठरावीक वेळीच सुरू केला जाई, आणि आम्ही कोणी त्याची तक्रार केली नाही. संकटात जे यंत्र आपण इतक्या विचाराने वापरू शकलो, तेच यंत्र साध्या दिवशी आपल्याला वापरते याचा त्रास मला होतो.

आता कायद्याकडे वळू, कारण अलीकडे या विषयावर आशा कायद्यावरच ठेवली जाते. ऑस्ट्रेलियाने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये कायदा करून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी घातली आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. त्या कायद्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, नियम मोडल्याची जबाबदारी मुलावर किंवा आईबापांवर नाही. ती कंपनीवर आहे आणि कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडच्या २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवू नये आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवू नयेत, असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदी आणली, त्याचे मी मनापासून स्वागत केले, कारण पगाराच्या दिवशीच खाते रिकामे झालेली तरुण मुले मी पतसंस्थेच्या खिडकीतून पाहिली आहेत.

पण संमती या शब्दाशी मी अडखळते. ज्या घरात आईच्या फोनचा पासवर्ड मुलाला आईपेक्षा चांगला माहीत आहे, आजीला आलेला ओटीपी नातूच वाचून दाखवतो आणि बँकेच्या ॲपपासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सगळे दहा वर्षांची मुले करून देतात, तिथे पालकाची संमती कोण देणार आहे? शिवाय संमती प्रत्येक पालकाने वेगवेगळी द्यायची असते. वर्गातल्या चाळीसपैकी पस्तीस पालकांनी ती दिली की उरलेल्या पाच जणांना नाही म्हणता येत नाही. आमच्या स्टीलच्या डब्याचे जे झाले तेच त्या संमतीचे होणार. कायद्याने कंपन्यांना आवरावे, कारण त्यांचा पाठलाग फक्त सरकारच करू शकते. संध्याकाळचा तास मात्र दिल्लीहून कोणी राखून देणार नाही. तो इथेच राखावा लागेल.

इथे म्हणजे कोणी, याचा विचार करताना मला २०२६च्या जानेवारीतली महापालिकेची निवडणूक आठवते. इतक्या वर्षांनी सांगली, मिरज आणि कुपवाडला निवडून दिलेले नगरसेवक मिळणार होते, उमेदवार दोन-दोनदा दारात आले, आणि रस्ता, गटार, पाणी, कुत्र्यांचा त्रास या सगळ्यांवर आम्ही त्यांच्याशी बोललो. मुलांनी संध्याकाळी जायचे कुठे, हा प्रश्न एकाही उमेदवाराने काढला नाही, आणि मला अधिक लागते ते हे की, आमच्यापैकीही कोणी काढला नाही. फोन बंद केल्यावर जो तास उरतो तो कशाने तरी भरावा लागतो. खेळायच्या मोकळ्या जागेवर दिवा नसेल, बागेला सातला कुलूप लागत असेल आणि वॉर्डात मुलांना बसून वाचता येईल अशी खोलीच नसेल, तर चार भिंतींत चिडचिडणाऱ्या मुलाला फोन परत देण्याखेरीज आईला दुसरा मार्ग राहत नाही. साताऱ्यातल्या भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. तिथल्या घरांनी आणि देवळांनी आपल्या खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या, कोणीही यावे, बसावे, वाचावे. ते पर्यटकांसाठी जमते, तर आपल्याच मुलांसाठी वॉर्डातले एखादे समाजमंदिर किंवा महापालिकेच्या शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी दीड तास उघडे ठेवणे जमू नये, असे मला वाटत नाही. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, कारण विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ रंगवले. गणेशोत्सवातल्या दहा दिवसांत आमच्या गल्लीतली मुले रोज संध्याकाळी नाटुकल्याच्या तालमीला जमतात आणि त्या दहा दिवसांत कोणीही त्यांना फोन ठेव असे सांगत नाही. मंडळाकडे मंडप असतो, वर्गणी असते, हौशी तरुण असतात; उरलेल्या साडेअकरा महिन्यांत आठवड्याची एक संध्याकाळ त्यांच्याकडे मागायला हरकत नाही.

आमच्या गल्लीत यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हा विषय निघाला. वडगावसारखा दीड तास नको, तासभरच पाहू, असे ठरले आणि साडेसात ते साडेआठ ही वेळ निघाली. बावीस घरांपैकी चौदा घरांनी होकार दिला. जी आठ घरे आली नाहीत त्यांना कोणी काही विचारायचे नाही, हेही त्याच वेळी ठरले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास फोनवर करणारी एक मुलगी आणि घरून काम करणारे एक शेजारी यांची अडचण सर्वांना पटली. त्यांनी आपले काम आतल्या खोलीत करावे, मुलांसमोर फोन घेऊन बसू नये, एवढे पुरेसे मानले. खूण काय असावी यावर वेळ गेला. कोपऱ्यावरच्या गणपतीच्या आरतीची घंटा सुचली होती, पण ती ज्यांची नाही अशी दोन घरे गल्लीत आहेत, म्हणून शेवटी शाळेत असते तशी पितळी घंटा आणून ती आमच्या शेजाऱ्यांच्या फाटकाला टांगली. ती वाजवण्याची पाळी मुलांना वाटून दिली आहे आणि गुरुवार माझ्या मुलाचा असतो.

पहिला आठवडा कठीण गेला आणि तो मुलांपेक्षा मोठ्यांना कठीण गेला. आण्णा सारखे घड्याळ बघत. मला स्वतःला, स्वयंपाक आटोपून रिकाम्या हाताने बसल्यावर, हात कुठे ठेवावे ते कळत नव्हते. मुलांची दुसऱ्याच दिवशी भांडणे झाली, तिसऱ्या दिवशी लगोरी मांडली गेली आणि एका मोटारीच्या आरशावर चेंडू बसला. मुलीच्या पाच मैत्रिणींपैकी तिघी आमच्याच गल्लीच्या अलीकडे-पलीकडे राहतात, हे मला आठ वर्षांत माहीत नव्हते. दोघी लांब राहतात आणि त्या अजूनही आठला ग्रुपवर असतात. त्यामुळे मुलीचे गाऱ्हाणे पूर्ण मिटलेले नाही. मुलाची झोप साडेअकरावरून सव्वादहावर आली आहे. तो तास संपल्यावरही दोन दिवसांआड फोनवरून वाद होतोच, पण तो वाद आता साडेआठला होतो आणि नऊला संपतो.

गृहपाठाचे निरोप सातच्या आत पाठवावेत, असा अर्ज चौदा घरांतल्या अकरा पालकांच्या सह्यांनिशी मुलांच्या शाळेत दिला आहे. तिथल्या बाईंनी तो घेतला, वाचला आणि वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाल्या. त्यांनाही घरी दोन मुले आहेत. उत्तर अजून आलेले नाही; सोमवारी आम्ही चौघीजणी पुन्हा जाणार आहोत आणि त्याच दिवशी दुपारी बागेचे कुलूप आठपर्यंत उघडे ठेवण्याबद्दल नव्या नगरसेवकांची वेळ घेतली आहे.